जर्मन युद्धविमानांचे सुटे भाग: आमच्याकडे पाठवण्याआधी घासू नका

नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांचे सुटे भाग ओळखून देणे आणि खात्रीचे भाग विकणे, हा आमचा व्यवसाय. दुकान इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आहे, पण हे पत्रक वाचणारे पुण्या-साताऱ्यापासून म्युनिकपर्यंत पसरलेले आहेत. मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान कोणते आणि हाइन्केल १११ हे बाँबफेकी कोणते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. सांगायचे आहे ते एकच आणि ते आम्ही फोनवर रोज सांगतो: तुकडा हाती आला की तो घासू नका.

घासल्यावर काय जाते

जुनी धातूची वस्तू घरात आली की आपला पहिला हात चिंचेकडे जातो, नाहीतर तारेच्या ब्रशकडे. पितळी समईला ते मानवते. विमानाचा पत्रा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून कडक केलेल्या ॲल्युमिनियमचा. भंगार म्हणून त्याला कवडीचा भाव. त्याचे मोल असते ते त्यावरच्या रंगात, शिक्क्यांत आणि आकड्यांत. लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, तपासनिसाचा गरुडाचा बारीक शिक्का कधी ठोकलेला असतो, कधी नुसता शाईचा. शाईचा असेल तर थिनरचा एक बोळा त्याला पुरतो.

अलीकडे तळहाताएवढा एक पत्रा आला होता. अर्धा भाग आरशासारखा चकचकीत, उरलेल्या अर्ध्यावर माती तशीच. चकचकीत भागावर काहीही नव्हते. मातीच्या भागावर टॉर्चचा उजेड अगदी कडेने, आडवा टाकला तेव्हा काळ्या स्टेन्सिलची तीन अक्षरे दिसली. जर्मन विमानांच्या पंखांवर ‘निष्ट बेट्रेटेन’, म्हणजे ‘इथे पाय देऊ नका’, अशी सूचना छापलेली असे. तिच्यातलीच ती अक्षरे होती. त्यावरून तो पंखाच्या वरच्या बाजूचा पत्रा आहे हे कळले. पुढे विमानाचा प्रकारही ठरवता आला असता, पण त्याला लागणारे आकडे बहुधा घासलेल्या अर्ध्यात होते.

रंगाचेही तसेच. जर्मन हवाई मंत्रालयाने प्रत्येक रंगाला क्रमांक दिला होता. आतल्या भागांना ०२ क्रमांकाचा हिरवट करडा, बाँबफेकी विमानांच्या पोटाला ६५ क्रमांकाचा फिकट निळा, वरून ७० आणि ७१ हे दोन गडद हिरवे. वैमानिकाची कोठडी आधी ०२ मध्ये रंगवत. सुमारे १९४१ नंतर ती ६६ क्रमांकाच्या काळपट करड्यात रंगू लागली. म्हणजे नखाएवढा रंगाचा पापुद्रासुद्धा काळ सांगतो. एकाखाली एक दोन-तीन थर असले तर फारच उत्तम, कारण विमान पुन्हा केव्हा रंगवले याचा अंदाज बांधता येतो. एक सावधगिरी मात्र हवी. ब्रिटिश विमानांच्या आतला रंगही हिरवट करडाच असे. त्यामुळे नुसत्या रंगावरून आम्ही कधीच लेखी दाखला देत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी.

मग करायचे काय? मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने सुटी माती झाडा आणि थांबा. फोटो काढा, टॉर्च बाजूने धरून पुन्हा काढा. ठोकलेला आकडा पुसट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो तसे. लिंबू, व्हिनेगर, कॉस्टिक सोडा यांतले काहीही लावू नका. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियम सरळ खातो. काही भाग एलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यावर ग्राइंडर चालवला तर भुकटी पेट घेते आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. वजनाला नवल वाटावे इतका हलका ओतीव भाग हाती आला तर त्याला कानस लावूच नका.

समुद्रातून आलेल्या भागांची रीत उलटी आहे. ते वाळवू नका, स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि आम्हाला फोन करा. धातूत मुरलेले मीठ हवेत आले की पत्रा पदर सुटल्यासारखा फुगत जातो. केंटच्या किनाऱ्यालगत समुद्रात, गुडविन सँड्सच्या वाळूत १९४० पासून पडलेले ‘डॉर्निअर १७’ हे जर्मन बाँबफेकी विमान जून २०१३ मध्ये वर काढले, तेव्हा रॉयल एअर फोर्स म्युझियमने ते कॉस्फर्डला नेऊन खास बोगद्यांत ठेवले आणि त्यावर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे फवारे दीर्घकाळ चालू ठेवले. आम्ल म्हटले म्हणून कोणी लिंबू घेऊन बसू नये. तिथे द्रावणाची तीव्रता शास्त्रज्ञ मोजत होते.

आकडा दिसला म्हणजे विमान सापडले असे नाही

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘आकडा मिळाला आहे, वैमानिकाचे नाव सांगा.’ बहुतेक वेळा तो भागाचा क्रमांक असतो. विमानाचा स्वतःचा अनुक्रमांक, ज्याला वेर्कनुमर म्हणतात, तो मुख्य पाटीवर असे आणि शेपटीवर बारीक आकड्यांत रंगवलेला असे. भागाचा क्रमांक तो भाग कोणत्या प्रकारासाठी आखला गेला ते सांगतो. मंत्रालयाच्या पद्धतीत विमानाला ८ आणि इंजिनाला ९ हा पहिला आकडा. म्हणून ८-१०९ म्हणजे मेसरश्मिट १०९, आणि ९-६०५ म्हणजे डाइमलर-बेंझचे ६०५ इंजिन. नुसते १०९ पाहून मात्र हुरळून जाऊ नका. जेट आणि रॉकेट इंजिनांना १०९ हाच आरंभ दिला होता. १०९-००४ हे युंकर्सचे जेट इंजिन, मेसरश्मिट २६२ चे. १०९ या विमानाशी त्याचा काही संबंध नाही. उपकरणांवर ‘एफएल’ आणि पुढे आकडे, तर रेडिओच्या भागांवर ‘एलएन’ आणि आकडे असतात. तिथे विमानाचा प्रकार शोधण्यात वेळ घालवू नका, कारण तेच उपकरण कितीतरी विमानांत बसे.

आणखी एक मेख. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात १०९ च्या सांगाड्यावर युंकर्सचे इंजिन बसवून एव्हिया एस-१९९ हे लढाऊ विमान बनवले गेले. स्पेनमध्ये १०९ आणि हाइन्केल १११ या दोन्हींच्या आवृत्त्या युद्ध संपल्यावरही तयार होत होत्या. भाग जर्मन आराखड्याचा, पण युद्धकाळातला नाही, असे आमच्याकडे अनेकदा निघते. ग्राहक नाराज होतात, पण दाखल्यावर आम्ही जे आहे तेच लिहितो. स्पॅनिश भागांनाही स्वतःची मजा आहे आणि ते स्वस्त पडतात. आमच्या कपाटात नेहमी थोडे असतात.

पिस्टन असेल तर कॅलिपर घेऊन व्यास मोजा. डाइमलर-बेंझ ६०१ आणि युंकर्स २११ या इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास १५० मिलिमीटर, डाइमलर-बेंझ ६०५ चा १५४, बीएमडब्ल्यू ८०१ चा १५६. तुमचे माप १३७ च्या आसपास आले तर तो रोल्स-रॉइस मर्लिन या ब्रिटिश इंजिनाचा, म्हणजे बहुधा स्पिटफायर किंवा हरिकेन या ब्रिटिश विमानाचा समजा. एवढे माप फोनवर सांगितलेत तरी आमचा निम्मा वेळ आणि तुमची निम्मी फी वाचते.

महाराष्ट्रातून येणाऱ्या चौकश्यांत बऱ्याचशा आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेतल्या वस्तूंच्या असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये इटलीतल्याच लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मुलुखात पडलेली विमाने जर्मन होती तशी इटालियन आणि ब्रिटिशही होती. शिवाय इटलीत डाइमलर-बेंझ ६०१ इंजिन परवान्याने बनत असे, त्यामुळे १५० चा पिस्टन म्हणजे जर्मन विमान असे लगेच ठरवता येत नाही. अशा वस्तूसोबतचे पत्र, चिठ्ठी, पलटणीचे नाव, फोटो, जे असेल ते जपा. ज्या कापडात वस्तू गुंडाळलेली होती तेही टाकू नका.

वैमानिकापर्यंत पोचायचे तर वस्तू कुठे सापडली ते ठिकाण हवे. ब्रिटनमध्ये पडलेल्या शत्रूविमानांची पाहणी हवाई दलाचे गुप्तवार्ता अधिकारी त्या वेळीच करत. ते अहवाल लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांत पुष्कळदा इंजिनाचे क्रमांकही नोंदलेले असतात. ठिकाण, तारीख आणि क्रमांक हे तिन्ही जुळले तरच आम्ही विमानाचे नाव लिहितो. मागच्या मालकाने ‘केंटमधला’ एवढेच सांगितले असेल, तर दाखल्यावरही तेवढेच येईल.

जमवताना

ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या विमानांचे अवशेष संरक्षित आहेत आणि जर्मन विमानेही त्यात येतात. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे खणणे गुन्हा आहे. शेतमालकाने हो म्हटले म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही. काही जागी माणसे अजून जमिनीत आहेत. हाड, कापड किंवा सैनिकाची ओळख सांगणारा अंडाकृती बिल्ला दिसला तर हात तिथेच थांबवा आणि पोलिसांना कळवा. स्टॅफर्डशरमधल्या कॅनक चेसच्या जर्मन दफनभूमीत दोन्ही महायुद्धांतले सुमारे पाच हजार मृत आहेत. त्या तुकड्याशी बांधलेल्या माणसालाही तशी जागा मिळायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून वस्तू कुठून आली हे लेखी न सांगणाऱ्याकडून आम्ही खरेदी करत नाही. त्यामुळे आमचे भाव बाजारापेक्षा थोडे चढे दिसतात, हे मान्य आहे.

खोटा माल सर्वांत जास्त कुठे? पाट्यांमध्ये, आणि शेपटीवरच्या नाझी चिन्हाच्या तुकड्यांमध्ये. मूळ पाटीवरचे आकडे बहुधा हाताने ठोकलेले, किंचित वरखाली झालेले असतात. पाटी उपटताना रिव्हेटची भोके फाटलेली असतात. भोके गोल, स्वच्छ आणि आकडे एका रेषेत असतील तर पैसे देण्याआधी विचारा. नाझी चिन्ह असलेले भाग आम्ही फक्त संग्रहालयांना देतो. जर्मनीत त्याचे प्रदर्शन कायद्याने गुन्हा आहे, तिथल्या ग्राहकांना पाठवायच्या फोटोंत ते झाकलेले असते. दारावरच्या आपल्या स्वस्तिकाशी त्याची गल्लत करून दिवाणखान्यात लावायला कोणी मागितले, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

पाठवताना

काडतूस, गोळा किंवा स्फोट घडवणारा फ्यूज असलेला भाग पाठवू नका, जवळही ठेवू नका. अंधारात चमकणाऱ्या उपकरणांच्या तबकडीवर रेडियमचा रंग असतो. आज ती चमकत नसली तरी किरणोत्सर्ग तसाच आहे, तेव्हा काच उघडू नका. तिचे फोटो पाठवा, वस्तू पोस्टात टाकू नका. बाकीचे भाग आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह कडक खोक्यात भरा. ओलसर वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. कागद आणि खोकी आमच्याकडे मिळतात. ओळख पटवायला दिलेल्या प्रत्येक भागामागे एक खोके आम्ही मोफत देतो.

फी आधी घेतो, कारण वेळ जातो तो नोंदी चाळण्यात, उत्तर निघो अथवा न निघो. भाग घासलेला नसेल तर फीत सवलत आहे. खोक्यात एक चिठ्ठी ठेवा: वस्तू कुठे आणि कोणाकडून मिळाली, आणि मिळाल्यापासून तिला काय काय लावले. तेल लावले असेल तर तेल लिहा, चिंच लावली असेल तर चिंच. आम्ही रागावणार नाही. पण ते कळले नाही तर पत्र्यावरचा डाग जुना की नवा, हे ठरवण्यातच पहिला दिवस जातो.