जंगलातल्या ओढ्या-डोहांवर मासेमारीचा सामूहिक वनहक्क : पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या जंगलालगतच्या वाड्यांत चढणीचे मासे आणि खेकडी म्हणजे पावसाळ्यातलं हक्काचं कालवण. ते पाणी वनजमिनीत असेल, तर वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1) खाली हा हक्क सामूहिक म्हणून मागता येतो. अभयारण्यातही कायदा लागू आहे. कोल्हापूर पेसा (अनुसूचित आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात नाही, पण त्यानं काही अडत नाही.

13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जंगलात राहणारे किंवा त्यावर उपजीविका असणारे आदिवासी पात्र ठरतात. धनगरवाड्यांसारख्या बिगर-आदिवासी वस्त्यांना त्या तारखेआधीची 75 वर्षं, म्हणजे तीन पिढ्यांचं, जंगलावर अवलंबून असलेलं वास्तव्य दाखवावं लागतं.

आधी सातबारा काढा. पाण्याखालची जमीन वनजमीन नसेल, तर हा अर्जच चुकीचा. धरणाच्या जलाशयाचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून मिळतो, ती वाट वेगळी.

ग्रामसभेतून 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडली जाते. ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. कोरम अपुरा असला की ठराव पुढे टिकत नाही. दावा सामूहिक हक्कांच्या नमुन्यात भरायचा, फी नाही. त्यात निस्तार (जळण, चारा अशा घरगुती गरजा) आणि गौण वनोपजानंतर (मध, डिंक वगैरे) मासे-पाणवठ्यांचा रकाना येतो. चराई लिहून हाच रकाना कोरा सोडला जातो, मग आदेशात मासेमारी येतच नाही. ‘नदीत मासे धरतो’ एवढ्यावर भागवू नका. डोहाचं चालू नाव, कक्ष क्रमांक (वनखात्यानं पाडलेल्या जंगलाच्या भागाचा), महिने, गळ की जाळं की बुट्टी, सगळं लिहा. देवाचा म्हणून ज्या डोहात मासे धरत नाहीत, तोही नकाशावर दाखवा. पारंपरिक वापराचा तो भक्कम पुरावा आहे. सुरुंग किंवा विष घालून मासेमारी मात्र गुन्हाच.

एकाहून अधिक पुरावे लागतात : जुने निस्तार वा महसुली अभिलेख, मासेमारीच्या जागा, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. ठरावीक कागदच आणा, असा हट्ट वरच्या समित्यांना धरता येत नाही.

स्थळपाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल दोघांना द्या, पोच ठेवा. पंचनाम्यावर त्यांची सही, हुद्दा, तारीख घ्या. मग ग्रामसभेचा ठराव प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ग्रामसभेनं दावा नाकारला, तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते; तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायलाही मुदत तेवढीच.