शेलमधील शब्द खोडण्याचे शॉर्टकट

शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम; त्याच्या कमांड लाइनवर टाइप करताना कर्सरच्या मागचा किंवा पुढचा अख्खा शब्द एका दमात खोडणाऱ्या कळा. त्या सवयीप्रमाणे बदलूनही घेता येतात. बॅश या शेलमध्ये हे काम ग्नू रीडलाइन ही लायब्ररी (तयार कोडचा संच) पाहते, तर झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये त्याचा स्वतःचा संपादक, झेडएलई.

खरी गोम शब्दाची हद्द ठरवण्यात आहे. बॅशमधली कंट्रोल-डब्ल्यू फक्त मोकळी जागा ओळखते; ‘सीडी /यूएसआर/लोकल/बिन’ या ओळीत ती सबंध पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, उडवते. आल्ट-बॅकस्पेस अक्षर-अंकांखेरीज कोणतेही चिन्ह आले की थांबते, म्हणून तिथे फक्त ‘बिन’ जाते. आल्ट-डी पुढचा शब्द खोडते. खोडलेला मजकूर कंट्रोल-वायने परत येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. झेडशेलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू आणि आल्ट-बॅकस्पेस मुळात एकच काम करतात. शब्दात कोणती चिन्हे धरायची ते ‘वर्डचार्स’ या व्हेरिएबलमध्ये असते. त्यातली तिरपी रेघ काढली की पाथ एकेका फोल्डरने खोडला जातो. फिश शेलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू आधीपासूनच तसे वागते.

बॅशमध्ये बदल करायचा तर होम डिरेक्टरीतल्या ‘.इनपुटआरसी’ फाइलमध्ये ओळ लिहावी, किंवा चालू सत्रापुरती ‘बाइंड’ कमांड द्यावी. तिरप्या रेघेशीही थांबणारे ‘युनिक्स-फाइलनेम-रबआउट’ हे फंक्शन रीडलाइनमध्ये तयार आहे, पण ते कुठल्याच कळीला जोडलेले नसते. ते कंट्रोल-डब्ल्यूला जोडू गेल्यास बहुधा काहीच घडत नाही आणि माणूस फाइलमधली चूक शोधत बसतो. चूक तिथे नसते. कंट्रोल-डब्ल्यू ही कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टर्मिनल ड्रायव्हरचीही, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाचीही, शब्द खोडण्याची कळ आहे, आणि रीडलाइन ड्रायव्हरच्या अशा खास कळा आपल्याकडे उचलून घेते. त्यात आपली जोडणी पुसली जाते. त्यासाठी त्याच फाइलमध्ये ‘बाइंड-टीटीवाय-स्पेशल-चार्स’ बंद करावे लागते, नाहीतर ‘एसटीटीवाय’ कमांडने ‘डब्ल्यूइरेज’ (ड्रायव्हरची ती शब्द खोडण्याची कळ) काढून टाकावे लागते.

कंट्रोल-बॅकस्पेसची अडचण वेगळी. कित्येक टर्मिनल तिच्यासाठी 8 हा कोड पाठवतात, जो कंट्रोल-एचचाही आहे; एकीला काम दिले की दुसरीलाही ते लागू होते. आपले टर्मिनल काय पाठवते ते कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबल्यास दिसते. ब्राउझरमधल्या टर्मिनलवर कंट्रोल-डब्ल्यूने शब्दाऐवजी टॅबच बंद होऊ शकते. तिथे आल्ट-बॅकस्पेस बरी. मॅकच्या टर्मिनलमध्ये मात्र त्यासाठी आधी ऑप्शन कळ मेटा (इथे आल्टचे काम करणारी कळ) म्हणून वापरण्याची सेटिंग चालू करावी लागते.