घर विकायला काढण्याआधी

मुंबईत विकायच्या घरातही माणसं राहतच असतात. लालबागचं वन रूम किचन असो की बोरिवलीचं टू बीएचके, आधी घर रिकामं करून मग दाखवणं फार थोड्यांना जमतं. म्हणून आमच्याकडचं होम स्टेजिंग (विकायचं घर दाखवण्यासाठी सजवणं) म्हणजे नवं फर्निचर आणून मांडणं कमी आणि आहे तेच सामान नीट लावणं जास्त.

सुरुवात खिडकीपासून करा. मुलुंडच्या एका घरात बेडरूमची अर्धी खिडकी लोखंडी कपाटामागे गेली होती. ग्रिलमध्ये कुंड्या, रंगाचे रिकामे डबे, रद्दीचे गठ्ठे. गिऱ्हाइकं यायची आणि "खोली अंधारी आहे" म्हणून जायची. आम्ही कपाट समोरच्या भिंतीला लावलं, ग्रिल मोकळं केलं, काचा आतून-बाहेरून पुसल्या. चारच्या सुमाराला ऊन थेट पलंगाच्या उशीपर्यंत आलं. घरच्या काकू तिथेच बसून राहिल्या. म्हणाल्या, "अहो, इतक्या वर्षांत या खोलीत ऊन येतं हेच कळलं नाही."

आपल्या घरात ऊन कधी येतं ते दोन दिवस बघून ठेवा आणि एजंटला तीच वेळ द्या. दिवे मात्र सगळे एकाच रंगाचे हवेत. एकाच खोलीत पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब असली की नवा रंगही डागाळल्यासारखा दिसतो.

ओलीबद्दल स्पष्ट सांगतो. पोपडे आलेल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून द्या, असं बरेच जण म्हणतात. ते काम आम्ही घेत नाही. आतलं पाणी कुठे जात नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फुगे येतात आणि तोवर तिथे दुसऱ्या कुणाचा संसार असतो. पाणी कुठून येतंय ते आधी शोधायचं. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. वरच्या घरातल्या बाथरूममधून येत असेल, तर खर्च त्या सभासदाचा. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि दुरुस्ती बाकी असेल तर ती पोच गिऱ्हाइकालाही दाखवा. भिंत पूर्ण सुकल्यावरच रंग.

एवढा आग्रह का, तेही सांगतो. मुंबईत घेणाऱ्याला ६ टक्के मुद्रांक शुल्क भरावं लागतं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. म्हणजे सवलत नसेल तर १ कोटीच्या घराला साधारण ६ लाख, शिवाय नोंदणीचे ३०,००० रुपये. एवढं भरून झाल्यावर हातात फारसं उरत नाही. त्यामुळे गळका नळ, न लागणारी कडी, निघालेली टाईल दिसली की तो मनात खर्च मांडत जातो, आणि तो नेहमी जास्तच मांडतो. प्लंबर आणि सुतार एकेक दिवस बोलवा, या सगळ्या गोष्टी उरकतात.

ओट्यावर शेगडी आणि पाण्याचं भांडं, बाकी सगळं आत. मोरी कोरडी ठेवा. वासासाठी उदबत्त्या लावू नका, इथे काहीतरी लपवलंय असं वाटतं. तासभर खिडक्या उघड्या ठेवल्या की पुरे. फक्त त्या दिवशी सुकट भाजू नका. देवघर हलवू नका. येणाऱ्या घरातली मोठी माणसं ते कुठे आहे हे बघतातच.

मूळ करारनामे, शेअर सर्टिफिकेट, ओसीची (भोगवटा प्रमाणपत्राची) प्रत आणि मेंटेनन्सची शेवटची पावती एका फाइलीत लावून ठेवा. कार्पेट एरिया कागदावर किती आहे आणि टेपने किती भरतो, दोन्ही माहीत असू द्या.

पहिल्या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही. तासाभरात घर बघतो, मोजतो आणि काय करायचं, काय तसंच राहू द्यायचं ते लिहून देतो. त्या दिवशी घरातले आजी-आजोबा हजर असू देत. माळ्यावरची पितळी भांडी, जुना पाळणा, शिवणयंत्र यांचं काय करायचं ते त्यांनीच सांगायचं. त्यांना विचारल्याशिवाय आमची मुलं एक पेटीसुद्धा खाली उतरवत नाहीत.