कोठार कधी बांधायचं, हे पेशी कसं ठरवते?

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन कमी, असं दिसलं की बरेचजण ते मनावर घेत नाहीत. घ्यायला हवं. कणगी रिकामी होत आली तरी ताटात भाकरी असतेच, आणि फेरिटिन हे शरीरातल्या लोहाच्या कणगीचं माप आहे. (अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर तो आकडा चढलेला दिसतो, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच अर्थ लावावा.)

पेशीला लोह लागतं, पण मोकळं लोह परवडत नाही. त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की जो मुक्त मूलक (दिसेल त्यावर तुटून पडणारा रेणू) तयार होतो, तो डीएनएलाही सोडत नाही. म्हणून रक्तात लोह ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनाच्या ताब्यात असतं, एका रेणूत दोन अणू. आणि पेशीत फेरिटिनच्या. फेरिटिन म्हणजे 24 तुकड्यांचा, प्रथिनाचा पोकळ गोळा. लाउफबर्गर यांनी 1937 साली तो घोड्याच्या प्लीहेतून वेगळा केला. त्यात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात.

मला खरं नवल वाटतं ते याच्या पुढचं. फेरिटिनची कृती सांगणारा आरएनए पेशीत आधीच तयार असतो. त्याच्या सुरुवातीला केसांतल्या आकड्यासारखं एक वळण असतं. लोह कमी असलं की आयआरपी-1 नावाचं प्रथिन त्या वळणाला घट्ट धरतं आणि फेरिटिन बनणं थांबतं. साठवायलाच काही नाही, तर कोठार कशाला बांधायचं? त्याच वेळी हेच प्रथिन दुसऱ्या एका आरएनएवरची तशीच वळणं धरतं, पण शेपटाकडची. तो आरएनए असतो पेशीच्या दारावर ट्रान्सफेरिनला पकडणाऱ्या ग्राहीचा. तिथे परिणाम उलटा होतो: आरएनए तुटायचा वाचतो, ग्राही वाढतात आणि रक्तातून जास्त लोह आत येतं. पकड तीच; डोक्याकडे धरलं की काम अडतं, शेपटाकडे धरलं की टिकतं.

लोह पुरेसं झालं की आयआरपी-1 मध्ये चार लोहाचे आणि चार गंधकाचे अणू मिळून एक पुंजका बसतो. आरएनए धरायची जागा बुजते, दोन्ही पकडी सुटतात. आणि मोकळं झालेलं हे प्रथिन रिकामं बसत नाही. ते ॲकोनिटेज नावाचं विकर होऊन सायट्रेटवर काम करू लागतं.

त्याच्या भावंडाला, आयआरपी-2 ला, हे दुसरं काम येत नाही. लोह वाढलं की पेशी या आयआरपी-2 ला मोडूनच टाकते. ते मोडायला लावणारं एफबीएक्सएल-5 हे प्रथिनसुद्धा स्वतःजवळ लोह असेपर्यंतच टिकतं.