अतिजड अणुकेंद्रांच्या सैद्धांतिक प्रतिकृती

ज्या अणुकेंद्रांत 104 किंवा त्याहून अधिक प्रोटॉन असतात ती अतिजड. ती निसर्गात आढळलेली नाहीत. कणवेगवर्धकात दोन अणुकेंद्रे एकमेकांवर आदळून एकेक अणू घडवावा लागतो. 118 प्रोटॉनांचे ऑगॅनेसॉन-294 (नावापुढचा आकडा म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) एक मिलिसेकंदही टिकत नाही.

अणुकेंद्र म्हणजे विद्युतभारित द्रवाचा थेंब, असे मानून चालले तर इतके प्रोटॉन एकत्र राहूच नयेत: त्यांचे आपसातले अपकर्षण पृष्ठताणावर मात करते आणि थेंब दुभंगतो. तरीही ती क्षणभर तरी टिकतात ती कवचरचनेमुळे, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ऊर्जेच्या थरांत भरत जातात त्यामुळे. 1949 मध्ये मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांच्या कवच प्रतिकृतीने (मॉडेलने) 2, 8, 20, 28, 50, 82, 126 या जादुई संख्यांचा, म्हणजे थर पूर्ण भरून केंद्र विशेष स्थिर होते त्या संख्यांचा, उलगडा केला. यापुढची न्यूट्रॉनांची संख्या 184 असावी, असे बहुतेक गणिते सांगतात. प्रोटॉनांबाबत मात्र कुणी 114 म्हणते, कुणी 120, कुणी 126. आणि खरी चुरस इथेच आहे.

या गणितात अचूकता किती लागते, ते अल्फा क्षयावरून, म्हणजे केंद्रातून दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉनांचा अल्फा कण बाहेर पडण्यावरून, कळते. ऑगॅनेसॉन-294 ची एकूण बंधनऊर्जा (केंद्रातले सगळे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) सुमारे 2,000 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक). अल्फा कण बाहेर पडताना सुटणारी ऊर्जा मात्र 12 च्या आसपास, आणि ती जनक व जन्य (क्षयाआधीच्या व क्षयानंतरच्या) केंद्रांच्या बंधनऊर्जांच्या फरकातून काढावी लागते. तिथे एका मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक झाली, की अर्धायुष्याचा (निम्मे अणू क्षय पावायला लागणाऱ्या वेळाचा) अंदाज शेकडो पटींनी बदलतो.

बडोद्यात जड आयनांचा वेगवर्धक नाही; पण या कामाला तो लागतही नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारा, दांडिया बाजारातल्या मराठी घरातला विद्यार्थी साध्या संगणकावर बंधनऊर्जेचे सूत्र बसवून आपली उत्तरे रशियातील दुब्ना येथील अणुसंशोधन संस्थेच्या प्रसिद्ध मोजमापांशी ताडून पाहू शकतो. ज्या शहरात सयाजीरावांच्या काळी, 1890 मध्ये, कलाभवन उभे राहिले आणि तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत नेण्याची धडपड झाली, तिथे हा विषय मराठीत मांडला जायलाच हवा.

119 आणि 120 प्रोटॉनांची मूलद्रव्ये अद्याप घडलेली नाहीत. कॅल्शियम-48 चा मारा करायचा तर लक्ष्य म्हणून आइन्स्टाइनियम किंवा फर्मियम लागेल, आणि ते पुरेसे मिळत नाही. म्हणून टायटॅनियम-50 आणि क्रोमियम-54 कडे वळावे लागते. 2024 मध्ये अमेरिकेतील बर्कलीत टायटॅनियमच्या माऱ्याने लिव्हरमोरियम (116 प्रोटॉनांचे मूलद्रव्य) घडवून हा मार्ग चालतो हे दाखवले गेले. मात्र कोणत्या ऊर्जेला संयोग होण्याची शक्यता सर्वाधिक, याचे प्रतिकृतींनी दिलेले आकडे अजून एकमेकांशी जुळत नाहीत.