पापलेट, हलवा आणि उंदराच्या मेंदूतील आधारपेशी

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की नवख्या गिऱ्हाइकाला पापलेट आणि हलवा ही एकाच घरातली भावंडे वाटतात, कारण दोन्ही चपटे आणि रुंद अंगाचे असतात. प्रत्यक्षात हलवा वेगळ्या कुळातला मासा आहे. उंदराच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथीच्या आधारपेशी ओळखताना अशीच फसगत होऊ शकते.

मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, ही ग्रंथी कवटीच्या अगदी खाली असते, तिचे वजन जेमतेम १ मिलिग्रॅम भरते आणि रात्री ती मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. (प्रयोगशाळेतील माऊसच्या बहुतेक वाणांत मेलाटोनिन जवळपास बनतच नाही, त्यामुळे या कामाला रॅटच बरा.) ग्रंथीत मेलाटोनिन बनवणाऱ्या पिनिअलोसाइट पेशींचीच गर्दी असते, उरलेल्या जागेत ॲस्ट्रोसाइट व मायक्रोग्लिया या आधारपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात. ॲस्ट्रोसाइट मज्जासंस्थेच्या मूळ पेशींपासून घडतात, तर मायक्रोग्लियाचा उगम भ्रूणाच्या पीतक कोशात होतो; फांद्या दोघींनाही फुटतात, गोत्र मात्र निराळे.

म्हणूनच आकारावर न विसंबता, ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून ग्रंथीचे पातळ काप रंगवले जातात. खरी मेख इथेच आहे. जीएफएपी हे प्रथिन ॲस्ट्रोसाइटची नेहमीची खूण मानले जाते, परंतु रॅटच्या पिनिअलमध्ये ते मुख्यतः देठाजवळच्या (ग्रंथी मेंदूला जोडणाऱ्या भागाजवळच्या) पेशींत दिसते, तर व्हायमेंटिन हे दुसरे तंतुप्रथिन असलेल्या आधारपेशी त्याहून कितीतरी दूरवर पसरलेल्या आढळतात. केवळ जीएफएपीवर भिस्त ठेवणारा निरीक्षक उरलेल्या भागात ॲस्ट्रोसाइट नाहीतच, असे म्हणून मोकळा होईल.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅटच्या पिनिअलमधील सुमारे १७,००० पेशी सुट्या करून प्रत्येकीतील आरएनए, म्हणजे कोणती जनुके चालू आहेत हे सांगणारा रेणू, वाचला गेला, तेव्हा पेशींचे ९ प्रकार हाती लागले. त्यांत ॲस्ट्रोसाइटचे ३ आणि मायक्रोग्लियाचे २ उपप्रकार होते. एकाच खुणेऐवजी असंख्य जनुकांची हालचाल एकत्र तपासल्यामुळे ही वर्गवारी अधिक भरवशाची ठरते. मात्र पेशी सुटी केली की ती देठाजवळची होती की टोकाकडची, हे कळत नाही. टोपलीत ओतलेली मासळी किती वाव पाण्यात मिळाली, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही, तसेच हे. त्यासाठी पुन्हा रंगवलेल्या कापांकडेच वळावे लागते.