अपीलची फाइल आमच्याकडे आणण्याआधी एवढं वाचा

आमचं न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं ऑफिस तुम्हाला माहीत आहेच, वकिलांसाठी मराठी-हिंदी-गुजराती कागदांचं भाषांतर आणि अपीलच्या ब्रीफ (लेखी युक्तिवाद) आणि अपेंडिक्स (खालच्या कोर्टातल्या कागदांचा गठ्ठा) यांची छपाई-बांधणी आम्ही करतो. आम्ही वकील नाही, सल्ला वकिलाचाच घ्या. पण नोकरीतल्या भेदभावाची केस हरलेले लोक आमच्याकडे एकच गोष्ट घेऊन येतात आणि त्यात त्यांचा वेळ जातो, आमचाही जातो, म्हणून हे लिहून काउंटरवर ठेवलंय.

ती गोष्ट म्हणजे नवीन पुरावे. डिस्ट्रिक्ट कोर्टाने केस काढून टाकली, आता फिलाडेल्फियाला थर्ड सर्किटमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या फेडरल अपील कोर्टात, जायचंय, आणि हातात पिशवी असते, त्यात व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं ताजं पत्र, मॅनेजरचा जुना ईमेल जो परवाच सापडला. "हे सगळं ट्रान्सलेट करून अपेंडिक्सला लावा." नाही लावता येत हो. अपील कोर्ट फक्त खालच्या कोर्टात जे दाखल झालं होतं तेवढंच बघतं, साक्षीदार नाही, ज्युरी नाही. दहावीच्या पेपरचं रिचेकिंग असतं ना तसं, लिहिलेली उत्तरपत्रिका बघतात, पुरवणी जोडून देत नाहीत. भारतात फर्स्ट अपीलमध्ये हायकोर्ट पुरावा नव्याने तोलतं हे ऐकून-पाहून आलेल्यांचा गोंधळ मी समजू शकतो, पण नवा पुरावा वरच्या कोर्टात तिथेही सहजासहजी घेत नाहीत.

मुद्द्यांचंही तसंच. मॅनेजर रंगाबद्दल बोलला आणि धर्माबद्दलही बोलला, पण तुम्ही खाली फक्त रंगाचा मुद्दा मांडला असेल तर धर्माचा मुद्दा वर जाऊन पहिल्यांदा काढला की बहुतेक वेळा कोर्ट त्यात शिरतच नाही.

मग अपील कोर्टातले तीन जज नेमकं काय ठरवतात? तुमच्यावर अन्याय झाला का हा प्रश्न ते थेट विचारत नाहीत, ते विचारतात की खालच्या जजचं चुकलं का, आणि किती कडक नजरेने बघायचं ते चूक कसली आहे त्यावर ठरतं. समरी जजमेंटवर, म्हणजे ट्रायलच्या आधीच केस संपवली असेल, तर अपील कोर्ट सगळं रेकॉर्ड नव्या नजरेने वाचतं आणि जिथे दोन अर्थ निघतात तिथे कर्मचाऱ्याच्या बाजूचा अर्थ धरतं. भेदभावाच्या बऱ्याच केसेस इथेच अडकतात आणि अपीलमध्ये जीव असेल तर तोही बहुधा इथेच असतो. १९७३ च्या मॅकडॉनल डग्लस निकालापासून याच्या तीन पायऱ्या ठरल्यात, आधी तुम्ही प्राथमिक केस, म्हणजे वरवर पाहता भेदभाव दिसतो एवढं, दाखवायची, मग कंपनीने कारण द्यायचं, मग ते कारण बनावट आहे हे तुम्ही दाखवायचं. तिसऱ्या पायरीवर न्यू जर्सीवाल्यांना फुएन्टेस विरुद्ध पर्स्की हे नाव पाठच होतं, १९९४ चा थर्ड सर्किटचा निकाल, कॅसिनो कमिशनमधल्या नोकरीवरून. कंपनीच्या कारणात विसंगती, न पटण्यासारखी गोष्ट, आपापसातला विरोध दाखवा असं तो सांगतो. म्हणजे मॅनेजर डिपॉझिशनमध्ये (ट्रायलआधी शपथेवर दिलेल्या जबाबात) म्हणाला "बजेट नव्हतं" आणि त्याच महिन्यातल्या ईमेलमध्ये त्याच जागेसाठी नवा माणूस शोधतोय, असं काहीतरी. "कंपनीने चूक केली, अन्याय केला" एवढ्याने भागत नाही.

ट्रायल होऊन निकाल लागला असेल तर गणित उलटं. अँडरसन विरुद्ध बेसेमर सिटी, १९८५. नॉर्थ कॅरोलायनातल्या गावात रिक्रिएशन डायरेक्टरची जागा, अर्जदारांत एकच बाई, नोकरी तरुण पुरुषाला. ट्रायल जज म्हणाले भेदभाव झाला, अपील कोर्टाने स्वतः पुरावा तोलून ते फिरवलं, आणि सुप्रीम कोर्टाने अपील कोर्टालाच फटकारलं, की पुराव्याचे दोन अर्थ शक्य असतील तर ट्रायल जजने निवडलेला अर्थ चूक म्हणता येत नाही. २००० मध्ये रीव्ह्ज यांच्या वयावरून झालेल्या भेदभावाच्या केसमध्ये ज्युरीचा निकाल काढून घेणाऱ्या फिफ्थ सर्किटलाही एकमताने तसंच सांगितलं. त्यामुळे ज्युरीपुढे हरलात तर फक्त "ज्युरीला कळलं नाही" म्हणून वर जाऊ नका.

शुद्ध कायद्याचा प्रश्न असेल तर मात्र खालच्या जजचा मान राखायची गरज नसते. २०२४ च्या मल्ड्रो केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बदलीने काहीतरी नुकसान झालं एवढं पुरे, ते मोठंच असायला पाहिजे असं नाही. २०२५ च्या एम्स केसमध्ये बहुसंख्य गटातल्या माणसाकडून जास्तीचा पुरावा मागायची सिक्स्थ सर्किटची पद्धत बंद केली. तुमची केस अशा निकालाच्या आधी हरलेली आणि अपील चालू असेल तर वकिलाला विचाराच.

तारखेचं थोडक्यात. फेडरल कोर्टात अपीलची नोटीस जजमेंट नोंदलं गेल्यापासून ३० दिवसांत, पत्र घरी आल्यापासून नाही. फेडरल सरकार पक्षकार असेल तर ६०. न्यू जर्सीच्या स्टेट कोर्टात ४५, आणि हा ४५ चा आकडा ऐकून लोक फेडरल केसमध्येही आरामात बसतात. २००७ च्या बोल्सच्या केसमध्ये अपीलची मुदत पुन्हा उघडून देताना जजनेच चुकून १४ च्या जागी १७ दिवस दिले, माणसाने त्या १७ मध्ये दाखल केलं, तरी सुप्रीम कोर्टाने अपील गेलं म्हणून सांगितलं.

आता आमच्याबद्दल. काहीजण म्हणतात एक पान घुसवा, कोणाला कळतंय. अपेंडिक्सच्या प्रत्येक पानाला नंबर असतो, ब्रीफमधलं प्रत्येक विधान त्या नंबराला बांधलेलं असतं, आणि समोरचा वकील पहिलं कामच ते जुळवण्याचं करतो. भाषांतराच्या सर्टिफिकेटवर सही आमची असते, म्हणून आम्ही नाही म्हणतो, आणि म्हणूनच सारांश करून देत नाही, शिवी असेल तर शिवीसकट पूर्ण देतो. आमचा दर शेजारच्या झेरॉक्सवाल्यापेक्षा जास्त का, तर ब्रीफ १३,००० शब्दांत आहे का, टाइप १४ पॉइंट आहे का, अपीलकर्त्याचं कव्हर निळं आणि उत्तर देणाऱ्याचं लाल आहे का हे सगळं आम्ही बघतो, वकिलाकडून राहिलं तरी.

खरं काम वाचवायचं असेल तर केस डिस्ट्रिक्ट कोर्टात असतानाच मराठी मेसेज आमच्याकडे पाठवा, समरी जजमेंटचे कागद जायच्या आधी. भाषांतर तिथे दाखल झालं तरच ते वर दिसतं, नुसते मराठी स्क्रीनशॉट लावून उपयोग नाही. स्क्रीनशॉट क्रॉप करू नका, वरचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे आणि मागचे-पुढचे मेसेजही पाहिजेत. थोडे मेसेज असतील तर आधी फोटो पाठवा, किती पानं होतील आणि किती खर्च येईल ते फुकट सांगतो, ॲडव्हान्स नंतर. अर्जंट कामाला दर वेगळा आहे, आणि नोटीसची मुदत उद्या संपतेय असं असेल तर आधी आम्हाला नाही, वकिलाला फोन करा.